दोघा-तिघांची मंडळी

गेवराईचे नाव काढले की बीड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात, आणि इतिहासाची गोडी असेल तर १७६३ची राक्षसभुवनची लढाई आठवते. उत्तरेला गोदावरी, तिच्या पलीकडे शहागड आणि जालन्याचा मुलूख, दक्षिणेला तासाभराच्या आत बीड. या चित्रात ख्रिस्ती मंडळी सहसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ते साहजिक आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार भरले, म्हणजे शंभर माणसांत पुरता एकही नाही. आणि त्यांतले पुष्कळसे मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात राहतात. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी चार-दोन घरे आणि आसपासच्या खेड्यांत विखुरलेली आणखी काही, अशीच ही वस्ती आहे. त्या घरांची उपासना, त्यांचा एकमेकांशी असलेला आठवडाभराचा व्यवहार आणि दुःखात त्यांना मिळणारा आधार हा या पुस्तकाचा विषय आहे.

इतक्या थोड्या लोकांवर लिहायचे कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे माझे उत्तर असे : सांत्वन हे मंडळीचे काम आहे. उपदेश ऐकून मनाला बरे वाटते, गीताने डोळे भरून येतात, हे खरे. पण ज्याच्या घरी दुःख आले आहे त्याला सावरणारी गोष्ट ही माणसांनी उठून, वेळ काढून, हातपाय हलवून केलेली असते. हजार माणसांच्या शहरी चर्चमध्ये हे काम समित्यांमागे झाकले जाते. पंधरा-वीस माणसांच्या मंडळीत ते उघड दिसते. तिथे एक जागा रिकामी राहिली तर पाळकसाहेबांच्या आधी शेजारची म्हातारी विचारते, आज अमकी का नाही आली? म्हणून उपासनेचा अभ्यास करायचा तर लहान मंडळीपासून करावा असे मला वाटते. जिथे दोघे-तिघे जमतात तिथे आपण असू, असे वचन येशूने दिल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते लहान मंडळ्यांनी फार जपले आहे, आणि त्यांना ते जपावेच लागले आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास बहुधा नगरपासून सांगितला जातो आणि त्याला कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. पुढे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यामुळे नगर-राहुरीची मंडळी मराठी वाङ्मयात कायमची नोंदली गेली. मराठवाड्याला असा लेखक मिळाला नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी अमलातल्या मुंबईची छापखाने, शाळा, वर्तमानपत्रे ही सोय इकडे उशिरा आणि तुटपुंजी आली. तरीही गोदेच्या खोऱ्यात मंडळी उभी राहिली. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून १८७०च्या सुमारास त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. मांग आणि महार समाजांतून आलेल्या कुटुंबांना तिथे घर, शेत, विहीर, शाळा आणि प्रार्थनामंदिर एका ठिकाणी मिळाले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेला शेषाद्री गेले होते. पण त्यांचे खरे काम जालन्याच्या काळ्या मातीत आहे. कॅथलिकांचे काम याच खोऱ्यात १८९०च्या दशकात वैजापूरकडच्या घोगरगावापासून वाढत गेले. सेल्सच्या संत फ्रान्सिसच्या नावाच्या संघाचे फ्रेंच धर्मगुरू तिथे येऊन राहिले, मराठी बोलू लागले. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बीड जिल्हा त्यात आला. प्रॉटेस्टंटांपैकी अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या.

या सगळ्यात दुष्काळांचा वाटा मोठा आहे. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तीन दुष्काळ दख्खनवर एकामागून एक आले. भुकेल्यांना अन्न देताना मिशनांनी धर्म दिला, म्हणून या लोकांना ‘दुष्काळी ख्रिस्ती’ म्हणून हिणवले गेले. मला हे हिणवणे अन्यायाचे वाटते. भाकरीसाठी आलेले माणूस भाकरी मिळाल्यावर जाऊ शकत होते, पुष्कळ गेलेही. जे राहिले, ज्यांची पाचवी पिढी आज रविवारी चटईवर बसून स्तोत्र वाचते, त्यांना तिथे भाकरीपेक्षा काही अधिक सापडले असणार. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्याला प्रभुभोजनाच्या वेळी इतरांबरोबर एकाच पेल्याला ओठ लावायला मिळाले. या गोष्टीचे मोल ठरवायचा अधिकार त्याचा आहे, हिणवणाऱ्याचा नाही.

उपासनेकडे आता जरा जवळून पाहू. क्रम साधारण ठरलेला असतो : आवाहन, गीत, पापांगीकाराची प्रार्थना, आळीपाळीने वाचायचे स्तोत्र, जुन्या आणि नव्या करारातले पाठ, विश्वासांगीकार, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना, सूचना, अर्पण, शेवटी आशीर्वाद. कॅथलिकांच्या मिस्सेची रचना वेगळी आणि फार जुनी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, ती लॅटिनमध्ये होत असे. मराठीत आल्यावर खेड्यातल्या म्हातारीला वेदीवर काय चालले आहे ते शब्दाशब्दाने कळू लागले. उपदेशावर पुष्कळ लिहिले जाते. मला इथे मध्यस्थीची प्रार्थना आणि सूचना यांच्याकडे लक्ष वेधायचे आहे, कारण मंडळीचा संसार तिथे चालतो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळक आधी राज्यकर्त्यांसाठी, पावसासाठी, जगातल्या युद्धग्रस्तांसाठी मागणे मागतो. मग आवाज थोडा खाली येतो आणि नावे सुरू होतात. अमक्याच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन आहे. तमक्याचा मुलगा पुण्याला कामाच्या शोधात गेला आहे, महिना झाला, काम लागत नाही. एका लेकीचे बाळंतपण जवळ आले आहे. नाव घेतले जाते तेव्हा ते सगळ्यांच्या कानी पडते, आणि एकदा कानी पडल्यावर ती जबाबदारी होते. नंतर सूचना येतात : बुधवारी घरगुती प्रार्थना कुणाकडे, बीडच्या दवाखान्यात कोण आहे, त्याला भेटायला कोण निघाले आहे, कुणाच्या गाडीत जागा आहे. उपासना संपून बाहेर पादत्राणे घालता घालता डबा कोण देणार आणि रात्री दवाखान्यात कोण थांबणार हे ठरून जाते. दवाखान्यात रात्रभर जागणाऱ्याला रविवारच्या उपदेशातले एक वाक्यही आठवणार नाही, पण त्याच्या उशाशी बसायला आलेला माणूस त्या उपासनेतूनच आलेला असतो. उपासना आणि समाजकार्य असे दोन कप्पे करण्याची सवय आपल्याला लागली आहे. लहान मंडळीला असे दोन कप्पे परवडत नाहीत.

घरगुती प्रार्थनासभा हा या जीवनाचा दुसरा खांब. शेतातली कामे आटोपली की पाळीपाळीने एकेका घरी लोक जमतात. सतरंजी, पेटी असली तर पेटी, ढोलकी आणि टाळ. गीत, एखादा उतारा, कुणाची साक्ष, प्रार्थना, चहा. शेजारची घरे इतर धर्मांची असतात. त्यांच्यातली मुले उंबऱ्यावर येऊन बसतात, एखादी बाई आजारी लेकरासाठी प्रार्थना करा म्हणून सांगून जाते. अशा सभेत स्त्रियांचा आवाज चर्चपेक्षा मोकळा असतो. एकोणिसाव्या शतकात ‘बायबलबाया’ घरोघर फिरून वाचून दाखवत असत. लिहिता-वाचता येणारी बाई खेड्यात दिसणे हीच त्या काळी मोठी घटना होती. पंडिता रमाबाईंनी शेवटच्या वर्षांत बायबलचे भाषांतर केले ते अशा साध्या स्त्रियांना समजावे म्हणून. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

गाण्याबद्दल बोलल्याशिवाय मराठी मंडळीचे काहीच सांगून होत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापले तेव्हा त्यांनी ओवी निवडली. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला : उभे राहून, टाळ-मृदंगाच्या साथीने, आख्यान लावून. टिळकांनी तर अभंग ख्रिस्ताच्या चरणी नेला. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात विलायती चालींवरची भाषांतरे आणि अस्सल मराठी पदे शेजारी शेजारी बसली आहेत. खेड्यातल्या मंडळीला त्यांतले कोणते जवळचे वाटते हे ढोलकीवर थाप पडली की लगेच कळते. वारकऱ्यांच्या वाटेवर वाढलेला हा प्रदेश आहे. पैठण वरच्या अंगाला, गोदेच्याच काठावर आहे. इथल्या माणसाला देवाशी भांडायला, रुसायला, आर्जव करायला अभंगाने शिकवले होते, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्याने ती सवय सोडली नाही. ते फार चांगले झाले.

कारण दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, देवा किती काळ वाट पाहू असा जाब आहे. आज मोठ्या सभांतून येणाऱ्या नव्या गीतांत हा सूर ऐकू येत नाही. त्यांत विजय आहे, आनंद आहे, टाळ्या आहेत; रडणाऱ्याला जागा नाही. नव्या गीतांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, तरुणांनी ती गावीत. परंतु ज्या जिल्ह्यात पाऊस दगा देतो, कर्जापायी माणसे जीव देतात, तिथल्या मंडळीने विलापाची स्तोत्रे बाजूला ठेवली तर तिच्याजवळ दुःखी माणसाला द्यायला भाषाच उरणार नाही.

बायबलमधले काही भाग गेवराईच्या मातीत वेगळे वाचले जातात. रूथचे पुस्तक घ्या. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब परमुलखात, मवाबात, पोट भरायला जाते. तिथे कर्ता पुरुष मरतो, दोन्ही मुलगे मरतात. सासू नामी आणि सून रूथ, दोघी विधवा, सातूच्या हंगामात परत येतात, आणि रूथ लोकांच्या शेतात सरवा वेचते. युरोपातल्या विद्वानाला हे पुरातन ग्रामजीवनाचे चित्र वाटेल. बीड जिल्ह्यात लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते, आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे ते कधी कधी एक माणूस कमी घेऊन. इथल्या बाईला नामीचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. मला त्या कथेत सर्वांत मोलाच्या वाटतात त्या बेथलेहेमच्या बाया. नामी परतली तेव्हा तिला पाहून गलबलतात त्या, ‘मला नामी म्हणू नका, माझे आयुष्य कडू झाले आहे’ या अर्थाचे तिचे बोलणे मुकाट ऐकून घेतात त्या, आणि शेवटी नातू झाल्यावर त्याचे नाव ठेवतात त्याही त्याच. त्यांच्यातल्या एकीचेही नाव पुस्तकात नाही. मंडळी म्हणजे काय असे कुणी विचारले तर मी त्या बायांकडे बोट दाखवीन.

ऊसतोडीमुळे सणांचे वजनही बदलते. जे ख्रिस्ती घर कोयत्यावर जाते, त्याचा नाताळ उसाच्या फडात, पालाच्या कोपीसमोर येतो. गावात चर्चला रोषणाई असते, पण माणसे नसतात. २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येणारा पुनरुत्थानाचा सण मात्र बहुधा माणसे परतल्यावर पडतो. अशा घराचा खरा मोठा सण तो. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन करून रविवारी पहाटे कबरस्तानात प्रार्थना होते, तेव्हा सहा महिन्यांनी भेटणारी माणसे एकमेकांना सलाम करतात. पाळकाने आपले वार्षिक नियोजन कारखान्याचा हंगाम पाहून करावे, असे मी आग्रहाने म्हणेन. बाप्तिस्मे, दृढीकरणे, मुलांची शब्बाथशाळेची बक्षिसे डिसेंबरात उरकण्यापेक्षा एप्रिलपर्यंत थांबली तर फडावरून आलेले लेकरू त्यांना मुकणार नाही.

मृत्यूच्या वेळी मंडळीची कसोटी लागते. लहान गावात शवपेटी तयार मिळत नाही, सुताराला रात्री उठवावे लागते. कबर खणायला मंडळीतले तरुणच कुदळ-फावडे घेऊन जातात. दफनभूमीचा प्रश्न अनेक तालुक्यांच्या गावी चिघळलेला असतो. जागा अपुरी, रस्ता नाही, कुंपण नाही. प्रशासनाने या छोट्या मागणीकडे वेळीच लक्ष दिले तर गावाची शांती राखली जाईल. दफन झाल्यावर खरे काम सुरू होते. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली आणि सगळे बिघडले. आपल्याकडेही हा धोका आहे. चंगाईच्या सभांतून काही वक्ते सांगतात की विश्वास पुरेसा असता तर दुखणे राहिले नसते. हे ऐकून कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली बाई दुखण्याबरोबर अपराधाचेही ओझे वाहते. आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करावी, औषध थांबवायला कधीही सांगू नये, आणि माणूस बरा झाला नाही तर त्याच्या विश्वासाचे मोजमाप काढू नये.

मंडळीतले दोषही या पुस्तकाने लपवू नयेत. एका पेल्यातून पिणाऱ्या लोकांनी लग्न जुळवताना जुनी जात विचारणे अजून सोडलेले नाही. चर्चच्या मिळकतींवरून भांडणे कोर्टात गेली आहेत. आणि एक दुःख बाहेरचे आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मधल्या काळात कागदावर एक आणि रविवारी एक असे जगणे पुष्कळांच्या वाट्याला आले आहे. ज्याने हे भोगले नाही त्याने त्यांना खोटे म्हणू नये. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्या कागदाला बांधलेला आहे.

वाचकहो, नगरच्या मंडळीचे आयुष्य लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे टिकले. गोदाकाठच्या मंडळ्यांचे आयुष्य बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्यांत आणि म्हाताऱ्या बायांच्या तोंडच्या पदांत आहे. वह्यांना वाळवी लागते आहे आणि म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत. तुमच्या मंडळीत अशी वही असेल तर तिच्या पानांची छायाचित्रे घ्या आणि एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवा. तुमच्या आजीला एखादे पद पाठ असेल तर या आठवड्यातच तिच्याजवळ बसून ते फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि ते पद तिला कुणी शिकवले हेही विचारा.